बांबोळीची पिशवी

आमच्या घरी माजघराच्या दाराजवळच्या खुंटीला एक कापडी पिशवी कायम टांगलेली असते. तिच्यात धुऊन घडी घातलेली चादर, दोन पंचे, स्टीलचा तांब्या आणि तळाशी एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घरातल्या प्रत्येकाच्या कागदांच्या झेरॉक्स असतात. आई तिला ‘बांबोळीची पिशवी’ म्हणते. रात्री-अपरात्री कुणाला बांबोळीला न्यावे लागले, तर अंधारात शोधाशोध करावी लागू नये, एवढाच तिचा हेतू. दोडामार्ग तालुक्यातल्या आमच्या गावापासून गोव्याची हद्द इतकी जवळ आहे की अंगणात उभे राहिले तरी मोबाईलला पलीकडचा टॉवर मिळतो, आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे बांबोळीचे रुग्णालय आम्हाला ओरोसच्या आमच्या जिल्हा रुग्णालयापेक्षा नेहमीच जवळचे वाटत आले आहे. वर्तमानपत्रे त्याला ‘गोमेकॉ’ म्हणतात. आमच्याकडची माणसे नुसते ‘बांबोळी’ म्हणतात, आणि तो शब्द निघाला की घरातले आवाज खाली येतात.

वडिलांना २००४ साली पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी तिथे नेले, तेव्हा या पिशवीत एकही कागद नव्हता. केसपेपर काढताना नाव, वय आणि गाव सांगितले, आणि गाव महाराष्ट्रातले आहे म्हणून कुणी आम्हाला वेगळ्या रांगेत उभे केले नाही. सतरा दिवसांनी वडील घरी आले. खर्च झाला तो बाहेरून आणाव्या लागलेल्या काही इंजेक्शनांचा आणि सोबत राहिलेल्या आईच्या दोन वेळच्या जेवणाचा. १८४२ साली पोर्तुगीज अमलात सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेतून वाढत गेलेली ही संस्था आहे, आणि सिंधुदुर्गातली व कारवारकडची माणसे तिच्या दारात वर्षानुवर्षे याच भरवशावर गेली आहेत. आरोग्यविमा हा शब्द तेव्हा आमच्या घरात कुणी उच्चारलेला मला आठवत नाही. जवळच्या रुग्णालयाचे दार उघडे असणे हाच आमचा विमा होता आणि त्याचा हप्ता भरावा लागत नव्हता.

पुढे मी गावच्या तिठ्यावर ई-सेवा केंद्र सुरू केले. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्डावर नाव चढवणे आणि कमी करणे, आणि अलीकडे आयुष्मान कार्डाची ई-केवायसी, ही माझी रोजची कामे. या खुर्चीवर बसल्यापासून मला एक गोष्ट फार जवळून दिसली आहे. कमी मिळकतीच्या माणसाला आजारपणाचे संरक्षण मिळते की नाही, हे त्याच्या आजारावर किंवा त्याच्या गरजेवर फारसे ठरत नाही. ते तो कोणत्या हद्दीत झोपतो, कोणत्या हद्दीत राबतो आणि त्याच्या हातातल्या कागदावर कोणती हद्द लिहिलेली आहे यावर ठरते. आमच्यासारख्या गावांत या तीन हद्दी क्वचितच जुळतात. निम्म्याहून अधिक तरणी मुले सकाळी सहाच्या सुमारास दुचाकीवरून डिचोली, म्हापसा, पेडण्याकडच्या कारखान्यांत आणि हॉटेलांत कामाला जातात आणि रात्री महाराष्ट्रात परत येतात. त्यांचा घाम एका राज्यात गळतो आणि त्यांचे रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात असते.

१ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने आपल्या रुग्णालयांत परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले. त्या दिवसांत माझ्या केंद्रात येणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर जी भीती मी पाहिली, ती अजून विसरलो नाही. ज्यांच्या घरात डायलिसिसचा किंवा कर्करोगाचा रुग्ण होता, ती माणसे माझ्याकडे असे पाहत होती, जणू माझ्या संगणकातून त्यांच्यासाठी एखादा कागद नक्की निघेल. मार्च महिन्यात दोडामार्गात लोक आंदोलनाला उतरले. पुढे दोन्ही राज्यांत बोलणी झाली आणि महाराष्ट्राची आरोग्य योजना बांबोळीत चालावी असे ठरले. गोव्याच्या बाजूनेही एक न्याय्य म्हणणे होते, हे इथे लिहिलेच पाहिजे. लहान राज्याच्या तिजोरीवर आणि खाटांवर शेजारच्या दोन राज्यांचा भार पडत होता, आणि तो भार ज्यांनी उचलायला हवा होता त्या आमच्या राज्याने आमच्या तालुक्यात शस्त्रक्रिया होऊ शकेल असे रुग्णालय उभे केलेले नव्हते. राग यायचाच असेल तर तो आधी आपल्या घरावर यायला हवा, असे मला तेव्हाही वाटले होते आणि आजही वाटते.

तेव्हापासून पिशवीत कागद जमू लागले. ते जमवताना माझ्या ध्यानात आले की गरीब माणसाला विम्याच्या छत्राखाली घेण्याआधी प्रत्येक सरकार त्याला एक प्रश्न विचारते, आणि प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो.

गोव्याचा प्रश्न असा असतो की तुम्ही इथे किती वर्षे राहता. २०१६ साली सुरू झालेली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना मिळकत पाहत नाही. पाच वर्षांचे वास्तव्य पाहते. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ती देते, आणि त्यासाठी कुटुंबाला भरावे लागणारे नोंदणी शुल्क काही शे रुपयांचे असते. उत्पन्नाचा दाखला न मागणारी ही पद्धत मला मनापासून आवडते, कारण दाखल्यासाठी तलाठ्याच्या आणि तहसीलच्या चकरा मारताना माणसाचा जो दिवस आणि जो मान जातो तो तिथे वाचतो. परंतु पाच वर्षे राहिलो हे सिद्ध करणे म्हणजे काय, ते आमच्या गावच्या एका जोडप्याकडून मला कळले. ती दोघे म्हापशाजवळ एका भाड्याच्या खोलीत सात वर्षे राहत होती. तो गवंडीकाम करायचा, ती दोन घरची धुणीभांडी करायची. घरमालक भला माणूस होता, पण भाडेकरार लिहून द्यायला तयार नव्हता आणि विजेचे मीटर त्याच्याच नावावर होते. सात पावसाळे त्या खोलीत काढूनही त्यांच्याजवळ त्या सात वर्षांचा एकही पुरावा नव्हता. मुलीचा जन्म तिथला, तिची अंगणवाडी तिथली, पण रेशनकार्ड मात्र इकडचे, कारण म्हाताऱ्या सासूचे धान्य त्यावर येत होते.

महाराष्ट्राचा प्रश्न बरीच वर्षे असा होता की तुमच्या रेशनकार्डाचा रंग कोणता. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये आमच्याकडे आली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालू लागली. पिवळे किंवा केशरी कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख. हप्ता सरकार भरणार, रुग्णाने रुपयाही द्यायचा नाही. केशरी कार्डाची मर्यादा मात्र वर्षाला एक लाख रुपये उत्पन्नाची होती, म्हणजे महिन्याला साडेआठ हजारांहूनही कमी. कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणारा अगदी साधा मजूरही ही रेषा ओलांडत होता. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे केशरी कार्ड माणसे जिवापाड जपत. त्यावरचे उत्पन्न बदलून घ्यायला कुणी धजत नसे, विभक्त झालेले भाऊ कार्ड वेगळे करायला तयार नसत, आणि माझ्यासमोर बसून पगाराचा खरा आकडा सांगताना त्यांचा आवाज गुन्हा कबूल केल्यासारखा होई. महिन्याला चौदा हजार मिळवणारा माणूस आपली मिळकत लपवतो, कारण ती उघड झाली तर बायकोचे ऑपरेशन हुकेल, ही गोष्ट मला त्या माणसाहून त्या मर्यादेविषयी जास्त काही सांगते.

दिल्लीचा प्रश्न सर्वांत चमत्कारिक होता. २३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत योजना सुरू झाली, पाच लाखांचे छत्र घेऊन, आणि तिची यादी २०११च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणीवरून काढलेली होती. त्या पाहणीत विचारले होते की तुमचे घर कच्च्या भिंतींचे, कच्च्या छपराचे आणि एकाच खोलीचे आहे का, घरात सोळा ते एकोणसाठ वयाचा पुरुष आहे का, तुम्ही भूमिहीन मजूर आहात का. कोकणातल्या माणसाचे दारिद्र्य या प्रश्नांत सापडत नाही. आमची घरे चिऱ्याची असतात, आज्या-पणज्यांनी बांधलेली. खोल्या पाच असतात आणि त्यांचे हिस्सेदार मुंबईत अकरा असतात. सातबाऱ्यावर नाव असते, पण ते तीस जणांच्या रांगेत असते आणि त्या जमिनीतून वर्षाला दोन गोणी काजूही निघत नाहीत. शिवाय घरात दुचाकी असली की कुटुंब आपोआप वगळले जाई. आमच्याकडच्या पोराला कारखान्याची सकाळची पाळी गाठायची तर हप्त्यावर घेतलेल्या दुचाकीवाचून दुसरा मार्ग नाही, कारण त्या वेळेला एसटी नसते. म्हणजे जे वाहन त्याला मजुरीपर्यंत नेत होते, तेच त्याला यादीबाहेर टाकत होते. गावातल्या ज्या थोड्या कुटुंबांची नावे या यादीत आली, त्यांना योजनेचे पत्र दाखवताना मला आनंद होई, आणि लगेच मागे उभ्या असलेल्या त्यांच्या शेजाऱ्याकडे पाहवत नसे.

माझ्या थोरल्या भावाची गोष्ट मी इतकी वर्षे लिहिली नाही. तो चौदा वर्षे गोव्यातल्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करत होता. पहिली तेरा वर्षे त्याच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची, वर्गणी कापली जाई. या विम्याइतकी गरिबाला परवडणारी दुसरी व्यवस्था मी पाहिलेली नाही. २०१९ पासून कामगाराचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का आहे आणि मालकाचा सव्वातीन टक्के. चौदा हजार पगारावर भावाचे महिन्याला १०५ रुपये जात आणि मालकाचे ४५५. तेवढ्यात त्याचा, वहिनीचा, दोन्ही मुलांचा औषधोपचार, साध्या तापाच्या गोळीपासून शस्त्रक्रियेपर्यंत, आणि आजारपणात काही काळ पगाराचा मोठा हिस्सा. दरमहा एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्यांना हा हक्क मिळतो, आणि तो माणसाच्या कष्टाला जोडलेला असतो, त्याच्या घराच्या भिंतींना नाही.

२०२१च्या पावसाळ्यात कारखान्याने ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराने जुन्याच माणसांना कामावर ठेवले, पण त्यांची नोंदणी केली नाही. दर महिन्याला ‘पुढच्या महिन्यात करू’ हे उत्तर मिळे. दादाने त्या वर्षी खासगी विम्याची चौकशी केली. ओळखीचा एजंट घरी आला, पडवीत बसून त्याने वय, वजन, सवयी विचारल्या आणि चौघांसाठी पाच लाखांच्या पॉलिसीचा वर्षाचा हप्ता सांगितला, तो एकवीस हजार होता, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास पंचवीस हजार रुपये. वर्षाच्या मिळकतीचा सातवा हिस्सा, तोही एकरकमी, जूनच्या तोंडावर, जेव्हा मुलांच्या शाळा आणि कौलांची डागडुजी एकाच वेळी दारात उभी असते. वहिनी त्या दिवशी चहा देऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. दादा एजंटाला म्हणाला, दिवाळीनंतर बघू. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा हा कर पूर्ण काढून टाकला आहे, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. पण पंचवीस हजार ज्याला झेपत नव्हते त्याला एकवीस हजार झेपतात असे होत नाही.

जुलै २०२२ मध्ये कारखान्याच्या फाटकाजवळ दादाच्या छातीत कळ आली. सोबतच्या मुलांनी त्याला जे पहिले रुग्णालय दिसले तिथे नेले. ते खासगी होते. त्यांनी केले ते अगदी बरोबर केले. अशा वेळी कोणी कार्डाचा विचार करत नाही, करूही नये. मी पोहोचलो तेव्हा पन्नास हजार रुपये अनामत भरायला सांगितलेले होते. मी पिशवीतले फोल्डर उघडून केशरी कार्ड काढले. खिडकीमागच्या मुलीने ते उलटून पाहिले आणि शांतपणे सांगितले की हे महाराष्ट्राचे आहे, इथे चालणार नाही. दीनदयाळ कार्ड आहे का? मग विचारले, ईएसआय आहे का? मी दादाचा जुना नंबर दिला. तो बंद पडलेला निघाला, कारण ज्या सहामाहीची वर्गणी लागते तिच्यात त्याच्या नावावर एकही दिवस भरलेला नव्हता. आयुष्मानच्या यादीत तर तो कधीच नव्हता. चौदा वर्षे ज्या राज्यात तो राबला, तिथे त्याच्या जिवामागे उभा राहील असा एकही कागद त्या अकरा कागदांत नव्हता. वहिनीच्या पाटल्या दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत सोनेतारणात गेल्या.

दोन दिवसांत प्रकृती थोडी स्थिर झाली. बिल ब्याण्णव हजार झाले होते आणि मुख्य उपचार अजून व्हायचाच होता. डॉक्टरांच्या सल्ल्याने, धोका समजून घेऊन, आम्ही खासगी रुग्णवाहिका केली आणि भर पावसात आंबोलीचा घाट चढून कोल्हापूरला गेलो, महाराष्ट्राच्या योजनेत असलेल्या एका रुग्णालयात. घाटात धुक्यामुळे गाडी बैलगाडीच्या गतीने चालली होती, दादाच्या बोटाला लावलेल्या यंत्राचा टिक-टिक आवाज येत होता, आणि माझ्या मनात एकच विचार घोळत होता की आपण या माणसाला उपचारासाठी नेत नाही, त्याच्या रेशनकार्डाच्या हद्दीत नेतो आहोत.

कोल्हापुरात रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर केशरी कार्ड ठेवले आणि चित्र बदलले. त्या तरुणाने कार्डाचा नंबर टाकला, आधार तपासले, दादाचा खाटेवरचा फोटो काढून मंजुरीसाठी पाठवला, आणि मला म्हणाला, “काका, तुम्ही जेवून या, आता काळजी करू नका.” दुसऱ्या दिवशी मंजुरी आली, अँजिओप्लास्टी झाली, आणि सुट्टी मिळताना आमच्याकडून एक रुपयाही घेतला नाही. उलट योजनेच्या नियमानुसार घरी परतण्याचे एसटीचे भाडे दादाच्या हातात दिले. त्या नोटा दादाने खर्च केल्या नाहीत. त्याने त्या फोल्डरच्या एका कप्प्यात ठेवल्या आणि त्या अजून तिथेच आहेत. एकाच आठवड्यात, एकाच आजारात, एकाच माणसाला घाटाखाली ब्याण्णव हजारांचा भार आणि घाटावर घरी जायचे भाडे मिळाले. योजनेविषयी कृतज्ञता आणि हद्दीविषयीचा राग, या दोन्ही गोष्टी माझ्यात तेव्हापासून एकत्र राहतात.

योजनेच्या बाहेर काय उरते, तेही नोंदवले पाहिजे. सुट्टीनंतरच्या पहिल्या काही दिवसांची औषधे मिळाली. त्यापुढच्या रोजच्या गोळ्या, ज्या आता जन्मभर घ्यायच्या आहेत, त्या विम्यात बसत नाहीत, कारण या योजना खाटेवर दाखल झालेल्या माणसासाठी असतात. आरंभी महिन्याला चौदाशे रुपये लागत. जनऔषधी दुकानातून घ्यायला लागल्यावर हा खर्च निम्म्याहून खाली आला. तरी गावातले किती तरी रक्तदाबाचे आणि साखरेचे रुग्ण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गोळी एक दिवसाआड घेतात, हे मला माहीत आहे, कारण ते माझ्या समोरच्या बाकावर बसून तसे सांगतात. दाखल होण्याइतके आजारी पडेपर्यंत त्यांच्यासाठी छत्र उघडत नाही.

आमच्या गावाहून तिलारीच्या घाटाने वर चढले की चंदगड लागते आणि पुढे बेळगाव. तिथे तिसरे राज्य आणि तिसरा हिशेब. कर्नाटकाने २००३ साली सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी यशस्विनी योजना काढली होती, तेव्हा तिचा हप्ता महिन्याला अवघा पाच रुपये होता. शस्त्रक्रियेचा विमा गरीब माणूस स्वतःच्या पैशाने घेऊ शकतो, हे त्या योजनेने दाखवून दिले. आता तिथे दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, आणि रेषेवरच्या कुटुंबाला ठरलेल्या खर्चाच्या तीस टक्केच सरकार देते, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कर्नाटकाने त्याला कडाडून विरोध केला. त्या वादात मराठी भाषेचा आणि हक्काचा खूप उल्लेख झाला, आणि तो मलाही जवळचा आहे. पण बातम्या वाचताना मला सारखे वाटत राहिले की बेळगावजवळच्या एखाद्या गावातल्या बाईला कोणत्या सरकारचे कार्ड हातात आहे याहून आपल्या नवऱ्याची शस्त्रक्रिया बेळगावातच होईल ना, याची काळजी जास्त असेल. राजस्थानने २०२१ मध्ये वेगळी वाट धरली. ज्यांना फुकट मिळत नव्हते त्यांनी वर्षाला ८५० रुपये भरावेत आणि सामील व्हावे, मिळकत कितीही असो. माझ्या केंद्रात बसून मी कितीदा हा हिशेब केला आहे! दादाकडे एजंट आला त्या दिवशी असे ८५० रुपयांचे दार आमच्या राज्यात असते, तर वहिनीने ते चहा निवायच्या आत भरले असते.

महाराष्ट्राने पुढे रंगाचा प्रश्न विचारणे सोडले. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. तो महिना माझ्या कामातला सर्वांत समाधानाचा महिना होता. पगाराचा आकडा सांगताना माणसांना आवाज खाली करावा लागत नव्हता. तरीही त्याच महिन्यात एक बाई कार्ड घेऊन आल्या. त्यांचा मुलगा पेडण्याला हॉटेलात स्वयंपाकी आहे. त्यांनी कार्ड माझ्यासमोर धरून विचारले, “भाऊ, ह्या कार्ड गोंयात चलता काय ओ?”

मला त्यांना समजावून सांगावे लागले की केंद्राच्या जुन्या यादीत ज्यांचे नाव आहे, त्यांचे कार्ड देशभर योजनेतल्या रुग्णालयांत चालते. आणि राज्याने नंतर सामील करून घेतलेल्या कुटुंबांचे कार्ड राज्याने ज्या रुग्णालयांशी करार केला आहे तिथेच चालते. रकमेचा आकडा एकच, पण एकाचे कार्ड हद्द ओलांडते, दुसऱ्याचे नाक्यावर थांबते. त्या बाईंचे नाव दुसऱ्या यादीत होते. त्या म्हणाल्या की मुलगा तर वर्षाचे तीनशे दिवस तिकडेच असतो, मग आजारी पडायचे असेल तर त्याने सुट्टी काढून इकडे यावे काय? मला उत्तर देता आले नाही. हेच उत्तर मला सरकारकडून हवे आहे. कामासाठी रोज हद्द ओलांडणाऱ्या माणसाचे कार्ड त्याच्याबरोबर हद्द ओलांडू शकत नसेल, तर पाच लाखांचा आकडा त्याच्यासाठी दिवसातले दहा तास कागदावरच राहतो. दोन राज्यांनी एकमेकांची बिले भागवायची ही गोष्ट आहे. केंद्राच्या यादीतल्या माणसासाठी ते आजही होते. मग उरलेल्यांसाठी का होऊ नये?

आईचा प्रश्न याहून वेगळा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, मिळकत न पाहता, केंद्राच्या योजनेत घेतले आहे, आणि ते कार्ड गोव्यातही चालते. आईला गोवा मुक्त झाला ते दिवस नीट आठवतात. डिसेंबर १९६१ मध्ये ती दुसरीत होती, आणि सैन्याच्या गाड्या पाहायला सगळी शाळा रस्त्यावर धावली होती असे ती सांगते. परंतु तिच्या आधारकार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९५९ छापलेली आहे. शिबिरात नोंद करणाऱ्याने अंदाजाने वय विचारले आणि तिने अंदाजाने सांगितले. तिचे खरे वय सत्तरच्या पुढे गेले आहे आणि कागदावरचे अजून गेलेले नाही. शाळेतून दाखला मिळवायला गेलो, तर त्या वर्षांच्या रजिस्टरला वाळवी लागलेली निघाली. मुख्याध्यापकांनी उरलेली पाने उन्हात वाळवत ठेवली आहेत आणि तिसरी-चौथीच्या पटावर तिचे नाव सापडते का ते पाहतो म्हणाले आहेत. मी दर पंधरा दिवसांनी जाऊन येतो.

दादा आता जड काम करू शकत नाही. गेल्या काही महिन्यांपासून तो हद्दीपलीकडच्याच एका छोट्या कारखान्यात स्टोअरमध्ये नोंदी ठेवायचे काम करतो. पगार कमी आहे, पण कामाला लागण्याआधी त्याने मालकाला एकच गोष्ट विचारली, ती म्हणजे राज्य विम्याची नोंदणी पहिल्या दिवसापासून होणार का. ती झाली. औषधोपचार तेव्हापासूनच सुरू झाला. आजारपणातल्या पगाराचा हक्क लागू व्हायला मात्र सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी जमा व्हावी लागते. महिन्याच्या पंधरा तारखेनंतर दादा संध्याकाळी केंद्रात येतो, माझ्या शेजारी स्टूल ओढून बसतो आणि मी पोर्टल उघडून त्याचे दिवस मोजतो. काल आकडा एकसष्ट होता. दादाने तो वहीत लिहून घेतला, आणि घरी गेल्यावर आईने पिशवीतले फोल्डर काढून नव्या विमा कार्डाची झेरॉक्स सगळ्यांत वर ठेवली. “कागद सगळे घेतलंस मां?” तिने दादाला विचारले, तो उंबऱ्यातच उभा होता तरी. सतरा दिवस उरले आहेत.